जामसंड्यात घर भाड्याने मिळत नसे

कचेरीच्या नोकरीत मी जे मसुदे लिहिले, त्यांतले बहुतेक कुणी वाचलेही नसतील. एकच मसुदा असा निघाला, की तो पुरता ऐकून घेण्याआधीच ऐकणाऱ्या बाईने माझ्या अंगावर सूपभर ओली आमसुले फेकली. सदरा पांढरा होता. आमसुलाचा डाग जात नाही हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तो डागाळलेला सदरा मी पुढे सात वर्षे जपून वापरला. का वापरला, तेच सांगायला बसलो आहे.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि बाजारात लोक अजून आण्यातच बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी देवगडच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. माझे गाव आत, इन्सुलीच्या बाजूला. भात, काजू, चार आंबे आणि भरपूर भाऊबंद. वय सव्वीस, मिशी नवी, अक्षर मोत्यासारखे आणि स्वतःविषयीचे मत अक्षराहूनही सुरेख. लग्नाला वर्ष झाले होते. बायको गावी माझ्या आईजवळ. मी इथे खाणावळीत जेवत होतो आणि कचेरीमागच्या खोलीत आणखी दोन कारकुनांच्या घोरण्याच्या मध्ये झोपत होतो.

बायको शिकलेली होती. फायनल झालेली, वर मास्तरकीचे ट्रेनिंग केलेली. दोन वर्षे ती नेमणुकीच्या कागदाची वाट पाहत होती आणि तो कागद मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला. जामसंड्यातली मुलींची शाळा. शाळा उघडेल त्या सोमवारी सकाळी हजर व्हायचे. न झाल्यास ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला. जामसंडे म्हणजे देवगडला लागूनच, माझ्या कचेरीपासून पायी जाण्याजोगे. मला वाटले, देवाने नकाशा समोर ठेवूनच ही नेमणूक केली.

पण देवाच्या वर आमच्या घरात आई होती. रविवारी मी गावी गेलो तर तिने उंबऱ्यातच निकाल दिला.

"सुनेक धाडूक माजी हरकत नाय. पण घर व्हया. खाणावळीच्या आसऱ्यार माजी सून रवाची नाय. आनी तिचो पगार सगळो घराच्या भाड्यातच घालूचो आसात, तर ती हयसर माज्याबरोबर भात लावीत ती काय वायट?"

म्हणजे घर हवे, चांगल्या वस्तीत हवे, आणि स्वस्त हवे. मी निघालो. बायको पाण्याचा तांब्या हातात देत हळूच म्हणाली, "कचेरीत बसून तुम्ही लोकांच्या जमिनी इकडच्या तिकडे करता. मला दोन खोल्या तेवढ्या मिळवून द्या."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. तांब्याकडे पाहिले. त्यावरून मला कळले की घर मिळाले नाही तर ती मला काही म्हणणार नाही, आणि ते न म्हणणे मला जन्मभर ऐकावे लागेल.

घर शोधायला मी कचेरीतल्या शिपायाला बरोबर घेतले. हा शिपाई माझ्या वडलांच्या वयाचा, जामसंड्याचाच. कुणाच्या कौलांवरून पाणी कुणाच्या परसात पडते आणि त्यावरून कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळे त्याला तोंडपाठ. मोबदला म्हणून रोज संध्याकाळी विड्यांचे एक बंडल ठरले.

पहिली जागा बंदरावर पाहिली. माडीवरची खोली, खिडकीतून समुद्र, हवा अशी की मिशी उडावी. फक्त खाली सुक्या मासळीचे कोठार होते.

"वास फार येतो हो," मी मालकाला म्हणालो.

"वास? खंयचो वास?" मालक चकित झाला.

शिपायाने मध्यस्थी केली. "भाऊसाहेब वरच्या गावचे. तेंका दर्याचो वास येता."

"दर्याक वास नसता. ह्यो वास सुक्या बांगड्यांचो. आनी बांगडे म्हयन्याभरात जातत."

"म्हणजे मग नंतर वास नाही?"

"मगे सुकी सुंगटां आनी जवळो येता."

दुसरी खोली एका बागायतदाराची. ती पाहून मी हरखलो. दोन खिडक्या, सारवलेली जमीन. म्हणजे जमीन सारवलेली असावी असा अंदाज, कारण ती दिसत नव्हती. खोलीभर पेंढा आणि पेंढ्यात हापूस. पावले टाकायला भिंतीकडेने एक वाट तेवढी सोडलेली.

"मृगाक खोली मोकळी," मालक म्हणाला. "शिमगो झालो काय परत भायर."

"म्हणजे दरवर्षी शिमग्यानंतर आम्ही बाहेर जायचे?"

"आंबो येता ना मगे. आनी रवात तोपर्यंत हयसर चूल पेटवूची नाय. चुलीची धग भिंतीत मुरता, ती आंब्यापर्यंत रवता. तापलेल्या खोलीत आंबो येकदम पिकता."

"अहो, पण आमचे जेवण?"

"आंब्याक मी हातार घेवन मुंबैक धाडतंय, तो माका पैसे देता," मालक समजुतीने म्हणाला. "तुमका खंय धाडू?"

मी भिंतीकडेच्या वाटेने बाहेर आलो. 

मग आम्ही जामसंड्याच्या वाडीत शिरलो आणि मला हर्षच झाला. घरेच घरे, आणि कुलपेच कुलपे! मुलगे मुंबईला, घरे बंद. काही मे महिन्यात उघडत, काही फक्त चवथीला गणपती आणायला. एका ऐसपैस घरापुढे मी थांबलो.

"हे कुणाचे?"

"पाच भावांचा."

"कुठे असतात?"

"पाच ठिकाणी."

"मग पत्र घालून विचारू की."

"इचारा. येक व्हय म्हणालो काय चार नाय म्हणतत. पाचय व्हय म्हणाले तर भाऊ कसले ते?"

असे पंधरा-सोळा दिवस गेले. मे महिना संपत आला. विड्यांची बंडले संपत होती, शिपाई ताजातवाना होत होता, मी वाळत होतो. शेवटी एका संध्याकाळी तो म्हणाला, "येक घर आसा. पण थंय मी बोलतलंय. तुमी नुसते हसा."

ते घर काकीचे. सगळी वाडी त्यांना काकी म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. वय साठीच्या पलीकडे, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र तीन माणसांचा. तीन मुलगे मुंबईत, एकेकाचा संसार तिथेच. घरात त्या एकट्या. पुढे मोठा खळा, म्हणजे आमच्याकडचे अंगण, भोवती दगडांचा गडगा, कोपऱ्यात आंब्याखाली एक शेंदूर लावलेला पाषाण. हा त्या जागेचा राखणदार. त्याला न सांगता त्या घरात मांजरही पाळत नसत. पश्चिमेच्या बाजूला दोन खोल्या, वेगळे दार, वेगळी चूल. मी त्या खोल्यांकडे असे पाहिले की काकींनी शिपायाला विचारले, "ह्येका भूक लागली हा काय रे?"

शिपायाने माझी जात-कुळी, गाव, आईचे माहेर, सगळे सांगितले. काकींनी ऐकले, मधूनच चुकीचे दुरुस्त केले.

"बायल मास्तरीण?"

"व्हय काकी. शाळा उघडताच रुजू व्हायची आहे," मी हसतच म्हणालो.

"बरा. तिन्हीसांजेक घरात माणूस व्हया. ह्या घरात बोलूक कोण नाय. भिंतींनी किती आयकाचा?" त्यांनी पश्चिमेच्या दाराची कडी काढली. "रवा मगे. दोगांनी रवा."

"काकी, भाडे किती—"

शिपायाने आपली वहाण माझ्या पायाच्या बोटांवर ठेवली आणि त्यावर उभा राहिला.

"काय म्हणता ह्यो?" काकींनी विचारले.

"काय नाय. वाडी किती बरी आसा, असा म्हणता," शिपाई म्हणाला.

परतताना मी लंगडत होतो, पण हवेत होतो. शिपाई काहीतरी सांगायला बघत होता. मी ऐकले नाही. मी वाटेत टपालकचेरीत शिरलो, कार्ड घेतले आणि उभ्या उभ्या बायकोला लिहिले: 'घर मिळाले. वस्ती उत्तम. शनिवारच्या एस.टी.ने ये. आईला सांग, काळजीचे कारण नाही.' कार्ड पेटीत टाकले. शनिवारला तीन दिवस होते, आणि त्यापुढचा सोमवार शाळेचा.

आता खरे म्हणजे इथे मी थांबायला हवे होते. पण मी कचेरीतला माणूस. आमच्याकडे माणूस मेला तरी त्याचा अर्ज आल्याखेरीज तो मेला असे धरत नसत. तोंडी बोलण्यावर संसार मांडायचा? दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मसुदा केला. आणि काय मसुदा होता तो! 'सदरहू घरमालकीण बाई यांनी आपल्या राहत्या घरापैकी पश्चिमेकडील दोन खोल्या सदरहू भाडेकरू यांस मासिक भाड्याने देण्याचे स्वखुशीने कबूल केले असून…' स्टॅम्पाचा कागद आणला, भाड्याच्या आकड्याची जागा मोकळी सोडून बाकी सगळे टाकाने उतरवले. शिपायाला दाखवले नाही. त्याला काय कळते मसुद्यातले!

संध्याकाळी एकटाच गेलो. पांढराशुभ्र सदरा घातला. काकी खळ्यात मांडी घालून वाळत घातलेली कोकमे सुपात भरत होत्या. रसात भिजवलेली ही आमसुले उन्हातून आत आणायची वेळ. गडग्यापलीकडे शेजारच्या दोघी बायका फणसाचे पापड गोळा करत होत्या. म्हटले, साक्षीदारही हजर आहेत. मी घसा खाकरला आणि कचेरीत हुकूम वाचतात त्या आवाजात वाचायला लागलो.

'घरमालकीण' या शब्दाला काकींचा हात थांबला. 'भाडेकरू'ला गडग्यापलीकडच्या बायकांचे हात थांबले. 'मासिक भाड्याने'पर्यंत मी पोचलो मात्र, आणि सूप आले. सुपासकट आले.

"शिरा पडली तुज्या तोंडार!" काकी उभ्या राहिल्या होत्या. "माजे तीन झील मुंबैत आसत रे! तिगांका नोकऱ्यो आसत! आनी तू माज्या खळ्यात उबो रवान सगळ्या वाडीक आयकयतस, म्हातारेन घर भाड्यान घातल्यान म्हणान? माका माजे झील पोसणत नाय, असा सांगतस लोकांका?"

"काकी, हा नुसता कागद—"

"कागद घी आनी चालूक लाग! माजा घर भाड्याचा न्हय! कदी नव्हता आनी कदी व्हवचा नाय!"

गडग्यापलीकडे एक बाई दुसरीला म्हणाली, "सदरो बरो होतो गो."

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला सगळे सांगितले. तो आधी हसला. मग खाली बसून हसला. मग त्याने डोळे पुसले आणि मला समजावले, तेव्हा मला जामसंडे पहिल्यांदा समजले.

"भाऊसाहेब, हयसर घर भाड्यान कोण देणा नाय. दिला तर लोक म्हणतत, घराक उतरती कळा लागली. हयसर माणूस सोबतीक ठेवतत. तुमी सोबतीक रवाचा. म्हयन्याच्या पयल्या तारखेक देवाच्या दिव्याकडे तेलाक म्हणान काय ता ठेवचा. तिना त्याच्याकडे बघूचा नाय. तुमी सांगूचा नाय. झाला! म्हणान मी तुमच्या पायार उबो रवलंय. तो पाय काय फुकट मोडलंय?"

"मग आता मी जाऊन माफी मागतो."

"आता काकी आयकाची नाय. तिना राखणदाराक सांगल्यान आसतला, ह्या माणसाक घरात घेवचा नाय म्हणान. आता बोलूचा आसला तर राखणदाराकडेच बोलूक व्हया."

हे बोलून त्याने विडी पेटवली आणि माझ्या डोक्यात दिवा. कारण गाऱ्हाणे घालणे हे आमच्या घराण्याचे काम. वडील गावच्या देवळात देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने देवाशी बोलत, आणि देवळातले खांब हालतील असा त्यांचा आवाज. मिशी माझी स्वतःची होती, पण आवाज मला त्यांच्याकडून आला होता. आणि गाऱ्हाण्याची एक रीत सगळ्या मुलुखात एकच आहे. गाऱ्हाणे घालणारा एकेक मागणे मागतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला 'होय म्हाराजा' म्हणावेच लागते. गप्प राहणे म्हणजे देवाच्या तोंडावर नाही म्हणणे. ती छाती काकींचीसुद्धा नव्हती.

शनिवारी दुपारी बायको एस.टी.तून उतरली. एक ट्रंक, एक वळकटी, आणि आईने दिलेले दोन नारळ. चेहरा असा उजळलेला की मला डोळे खाली घालावे लागले.

"घर खंय?" तिने विचारले.

"जवळच आहे."

"सदऱ्याक काय झाला?"

तोच डागाळलेला सदरा मी मुद्दाम घातला होता. "वाटेत सांगतो," म्हणालो आणि ट्रंक उचलली. वळकटी शिपायाने घेतली. वाटेत सांगितले. ती चालता चालता थांबली. मला वाटले, आता रडते की परत फिरते.

"परवा सोमवार आसा," ती एवढेच म्हणाली. आणि मग, "एक नारळ पुरे काय दोनव लागतले?"

खळ्यात पोचलो तर काकी दारात. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ट्रंकेकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. बोलल्या मात्र मलाच.

"परत इलो? आज कितक्याचो कागद हाडलस?"

मी वहाणा काढल्या, सरळ आंब्याखालच्या पाषाणापुढे गेलो, दोन्ही नारळ ठेवले, हात जोडले आणि पोटातून आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!" शिपाई म्हणाला. गडग्यापलीकडे धावण्याचा आवाज आला आणि चार डोकी वर आली.

"आज ही दोन लेकरां तुज्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गडगा म्हणाला.

"परवाच्या दिसाक एका बुद्धी नसलेल्या कारकुनान तुज्या खळ्यात सरकारी कागद वाचल्यान. ज्या घरान कोणाकडे कदी हात पसरल्यान नाय, त्या घराक तेना भाड्याचा म्हटल्यान. तेचो सदरो तू थयच्या थंय रंगवलस, ता बरा केलस, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता त्यात एक आवाज दारातूनही आला. बारीक, दातांत धरलेला, पण आला. मी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर हसलो असतो.

"ह्या काकीच्या घरात माणूस नाय. भिंती आयकान आयकान दमल्यो. तेव्हा ह्या मास्तरणीक आनी तिच्या त्या बिनडोक घोवाक पश्चिमेच्या दोन खोल्यांत काकीच्या सोबतीक ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाच-पंचवीस आवाज झाले असतील. मी कान लावला होता. काकींचा आवाज त्यात होता. आता पुरा होता. जिंकलो! मी नमस्कार करून उठणार, एवढ्यात मागून पावले आली आणि काकी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गाऱ्हाणे बायकांनी घालायची आमच्याकडे रीत नाही. पण रीत नाही म्हणून काकी कधी गप्प बसल्याचे वाडीत कुणाला आठवत नव्हते.

"बा देवा म्हाराजा!" काकींचा तीन माणसांचा आवाज निघाला. "ह्येनी सांगल्यानी ता तू आयकलस. आता माजा आयक!"

आणि मला म्हणावेच लागले, "होय म्हाराजा."

"चवथीक माजे झील, सुना, नातवंडां येतली. तेव्हा हेनी खोल्यो मोकळ्यो करून देवच्यो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"बावडेच्या काठार साबण लावूचो नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिन्हीसांजेक तुळशीकडे दिवो लावूक कोण तरी घरात व्हया. आनी दिव्याक तेल लागता. तेल म्हाग झाला हा, ता तुका ठावक आसा, म्हाराजा!"

इथे मी गडबडीने मध्ये घुसलो. "कारकुनाच्या पगाराक सोसात तितक्याच तेल जळात असा कर रे म्हाराजा!"

गडगा क्षणभर गोंधळला. दोन गाऱ्हाणी समोरासमोर उभी ठाकलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग कुणीतरी जोरात "होय म्हाराजा" म्हणाले आणि दोन्ही मागण्या एकदमच मंजूर झाल्या. काकींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत पहिल्यांदाच राग नव्हता. बाजारात तोडीचे गिऱ्हाईक भेटल्यावर कोळणीच्या नजरेत जे असते, ते होते.

आता संपले असे सगळ्यांना वाटले, तोच माझी बायको पुढे झाली. पदर खोचलेला, प्रवासाने केस विस्कटलेले. हात जोडून, वर्गात मुलींना सांगावे तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली,

"आनी म्हाराजा, ह्येंका परत कदी मसुदो लिवची बुद्धी देव नको!"

"होय म्हाराजा!" असा जयघोष झाला की आंब्यावरचे कावळे उठले. सगळ्यांत मोठा आवाज काकींचा. आणि तो थांबला नाही, हसण्यात गेला. पदर तोंडाला लावून काकी हसत होत्या आणि बायकोला म्हणत होत्या, "ये गो चेडवा, ये. ट्रंक काय खळ्यातच उगडतलस?"

पुढच्या गोष्टी ठरल्याप्रमाणेच झाल्या. चवथीला आम्ही खोल्या मोकळ्या करून शिपायाच्या घरी जात होतो. सात वर्षांत एकदाही चुकलो नाही. आणि पहिल्या वर्षापासून दर चवथीला जेवायला काकींचा मोठा मुलगा आम्हाला बोलवायला येई. तो कधी 'भाडेकरू' म्हणाला नाही. एकदा म्हणायला गेला असावा, कारण त्याच्या सदऱ्यावरही मला एक डाग दिसला. पहिल्या तारखेला मी तो माझा रंगीत सदरा चढवून दिव्याच्या कोनाड्यात तेलाचे पैसे ठेवत असे. सदरा पाहिला की काकींना हसू येई, आणि हसऱ्या माणसाच्या घरात तेलाचा भाव वाढत नाही. घर स्वस्त ठेवण्याची ही युक्ती मी कुणाला फुकट सांगितली नव्हती, आज सांगतो आहे.

पण मला सांगायचे आहे ते त्या सोमवारचे.

सकाळी बायको निघाली तेव्हा काकी काठी घेऊन तयार. "नव्या माणसाक कुत्रे भुकतत," असे म्हणत त्या तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आल्या. फाटकाशी उभ्या राहून आत डोकावून पाहिले म्हणे, खुर्ची मिळाली की नाही ते. मी कचेरीत गेलो, पण माझे अक्षर त्या दिवशी मोत्यासारखे नव्हते.

संध्याकाळी घरी आलो. बायको उंबऱ्यात बसून पायांची बोटे चोळत होती. दिवसभर उभी राहिली होती आणि तरी चेहऱ्यावर थकवा नव्हता.

"रुजू झाले," ती म्हणाली. "यादीतली पुढची बाई आली होती. फाटकातून बघून गेली."

"कागद वगैरे भरून घेतले?"

"घेतले. एक अडचण आली. राहत्या घराची चौकट होती. स्वतःचे की भाड्याचे, नको असेल ते खोडा."

मी ताठ झालो. हा माझा प्रांत. "मग काय खोडलेस?"

"दोन्ही. वर लिहिले, सोबतीचे."

"अगं, सरकारी कागदात असा शब्द नसतो!"

"मोठ्या बाई इथल्याच आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, कुणाकडे? मी काकींचे सांगितले. म्हणाल्या, मग बरोबर आहे. आणि सही केली."

"सही केली असेल, पण नियमाप्रमाणे पाहिले तर अशा ठिकाणी पुरवणी मसुदा जोडून—"

"होय म्हाराजा," माझी बायको म्हणाली, आणि तुळशीकडे दिवा लावायला उठली.